वणव्याच्या क्रूमध्ये जायचंय? तयारीला जानेवारीतच लागा

दर हिवाळ्यात ओळखीच्या ओळखीतून मला एखादा तरी फोन येतो. मुलगा किंवा मुलगी विशीतली, कॅलिफोर्नियात वाढलेली, आणि येत्या उन्हाळ्यात वणव्यावर काम करणाऱ्या क्रूमध्ये जायचं म्हणते. आईवडील विचारतात, "धोका किती असतो गं?" मुलं विचारतात, "पॅक टेस्ट अवघड असते का?" दोघांनाही मी एकच सांगते: जानेवारी ते एप्रिल काय करणार आहात, ते आधी बोलू.

माझी शाळा साताऱ्यात झाली, पुढचं आयुष्य इकडे. उत्तर कॅलिफोर्नियात रेडिंगच्या परिसरात मी पाच हंगाम एका हँड क्रूवर काढले. फोनवर जे तुकड्या-तुकड्यांनी सांगत आले, ते इथे सलग लिहिते आहे. अर्जाबद्दल फार लिहीत नाही. फॉरेस्ट सर्व्हिससारख्या केंद्रीय खात्यांच्या नोकऱ्यांसाठी अमेरिकेचं नागरिकत्व आणि वयाची १८ वर्षं पूर्ण लागतात. अर्ज आदल्या शरद ऋतूपासूनच मागवायला लागतात, त्यामुळे मे महिन्यात जागे होणाऱ्यांचा हंगाम बहुतेक वेळा हुकतो.

आधी काम समजून घ्या

वणवा पाण्याच्या पाइपने विझवतात, असं बहुतेकांना वाटतं. हँड क्रूचं मुख्य काम खणण्याचं आहे. वीसेक माणसं एका ओळीत, डोंगर उतारावर, आगीच्या कडेने पट्टा काढत जातात. पुढे करवतवाले झुडपं आणि फांद्या कापतात, त्यांचे जोडीदार ते सगळं ओढून बाजूला फेकतात, मागचे लोक काडीकचरा, पानं, मुळं खरवडून खालची निव्वळ माती उघडी पाडतात. आपल्याकडे वनखातं उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतं, तीच कल्पना. फरक एवढाच की इथे आग जवळ असताना काढायची असते.

हातात पुलास्की असते, म्हणजे एकाच दांड्यावर एकीकडे कुऱ्हाड आणि दुसरीकडे कुदळीसारखं आडवं पातं. किंवा मॅक्लाउड असतो, एकीकडे दाताळं आणि दुसरीकडे रुंद धारेचं पातं. पाठीवर लाईन गिअर: पाच-सहा लिटर पाणी, खाणं, हेडलॅम्प, मशाली किंवा करवतीचं इंधन, आणि तळाशी फायर शेल्टर, म्हणजे आगीत सापडलंच तर अंगावर ओढून घ्यायचा घडीचा तंबू. पाळी १६ तासांपर्यंत जाऊ शकते आणि एका आगीवरची नेमणूक साधारण १४ दिवसांची. म्हणून शरीराची तयारी करायची ती अकराव्या दिवशीच्या दुपारसाठी. एका सकाळची परीक्षा त्या मानाने सोपी आहे.

परीक्षेचे आकडे

पॅक टेस्ट म्हणजे ४५ पौंडांचं, म्हणजे सुमारे २० किलोंचं ओझं घेऊन सपाट जमिनीवर ३ मैल, ४५ मिनिटांत. पळायला, जॉगिंग करायला बंदी. एक पाऊल कायम जमिनीवर हवं. ४०० मीटरच्या ट्रॅकवर हे जेमतेम १२ फेऱ्यांहून किंचित जास्त भरतं, म्हणजे एका फेरीला पावणेचार मिनिटं. स्त्री, पुरुष, वय, उंची, सगळ्यांना हाच मापदंड. ही पास झालात की, मूलभूत प्रशिक्षण धरून, तुमचं रेड कार्ड, म्हणजे आगीवर काम करायचं पात्रता-कार्ड, होतं आणि आगीवर जाता येतं.

हॉटशॉट क्रूची, म्हणजे सर्वांत अवघड आगींवर पाठवतात त्या निवडक हँड क्रूची, अपेक्षा याहून वरची. त्यांच्या मानकांत दीड मैल १० मिनिटं ३५ सेकंदांत पळणं, एका मिनिटात ४० सिट-अप, एका मिनिटात २५ पुश-अप, आणि वजनानुसार ४ ते ७ पुल-अप असे आकडे दिलेले आहेत. जड माणसाला कमी पुल-अप, हलक्याला जास्त. ट्रॅकवर हिशेब करायचा तर दीड मैल म्हणजे सहा फेऱ्या, प्रत्येकी पावणेदोन मिनिटांची. साध्या हँड क्रूला जाणार असलात तरी याच आकड्यांवर नजर ठेवा. पॅक टेस्ट जेमतेम पास होणारा माणूस पहिल्याच चढावर मागे पडतो, हे मी दर वर्षी पाहिलं आहे.

मागे पडलं तर बिघडलं काय? इथे थोडं थांबते, कारण सगळ्या तयारीचं कारण हेच आहे. आगीवर काम सुरू करण्याआधी चार गोष्टी ठरलेल्या हव्यात: टेहळणीला माणूस, संपर्क, निसटायची वाट आणि सुरक्षित जागा. त्यातली निसटायची वाट किती मिनिटांची, हे ठरतं क्रूमधल्या सर्वांत हळू माणसाच्या चालीवर. तुम्ही हळू असलात तर उरलेल्या एकोणीस जणांची वाटही तेवढीच लांब होते. कोलोरॅडोत ६ जुलै १९९४ रोजी साउथ कॅन्यनच्या आगीने डोंगराच्या चढावर आग विझवणाऱ्या १४ जणांना गाठलं, ते सगळे गेले. आग खालून वर येत होती आणि माणसं तिच्यापुढे चढत होती. अशा चढावर काही सेकंदांचाही हिशेब लागतो. ते सेकंद जुलैत कुणी देत नाही, फेब्रुवारीत कमवावे लागतात.

पायरी पहिली: डॉक्टर आणि बूट

सराव सुरू करण्याआधी डॉक्टरांकडे जाऊन या. वाढलेला रक्तदाब, दमा, घरात कमी वयात झालेला हृदयविकार, यातलं काही असेल तर लपवू नका. आपल्या दक्षिण आशियाई घरांत हृदयाचा त्रास लवकर सुरू होतो, हे आपल्यालाही माहीत आहे. पॅक टेस्ट देताना माणसं गेलेली आहेत, म्हणूनच आरोग्याची प्रश्नावली आधी भरून घेतात. ती खरी भरा.

त्याच आठवड्यात बूट घ्या. घोट्याच्या वर येणारे, किमान ८ इंच उंच, चामड्याचे, लेसचे आणि न वितळणाऱ्या जाड तळव्याचे बूट लागतात. चांगली जोडी काही शे डॉलरला पडते. काटकसर करायची तर दुसरीकडे करा. हे चामडं सुरुवातीला लाकडासारखं ताठ असतं. पहिला आठवडा घरात भांडी घासताना घाला, मग दुकानात जाताना, मग सपाट रस्त्यावर अर्धा तास, आणि मगच डोंगरावर. लोकरीचे मोजे दोन जोड्या घ्या.

पायाला कुठेही 'गरम' वाटायला लागलं की तिथल्या तिथे थांबा, बूट काढा, त्या जागी चिकटपट्टी लावा. फोड येण्याआधी ती जागा पाच-दहा मिनिटं तरी इशारा देते. सरावात ही सवय लागली नाही, तर ओळीतून चालताना थांबायची लाज वाटते आणि संध्याकाळी टाचेची कातडी मोज्याला चिकटून येते. नखं आखूड कापा. उतरताना बोटं बुटाच्या टोकावर आपटली की मोठं नख काळं पडतं. म्हणून उताराआधी घोट्याजवळची लेस पुन्हा ओढून बांधायची.

पायरी दुसरी: दम वाढवणं (पहिले चार-पाच आठवडे)

आठवड्यातून चार दिवस, ४० ते ६० मिनिटं, चालणं आणि हळू पळणं. वेग इतकाच की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता याव्यात. तरुण मुलांना हे फार मिळमिळीत वाटतं. ती पहिल्याच दिवशी जीव तोडून पळतात, तिसऱ्या आठवड्यात नडगी धरून बसतात. हृदय आणि फुप्फुसं लवकर तयार होतात. हाडं आणि स्नायुबंध मागून येतात. त्यांना वेळ द्या. एका आठवड्यातून दुसऱ्यात जाताना एकूण वेळ दहा टक्क्यांच्या आसपासच वाढवा.

पाचव्या आठवड्यापासून एक दिवस वेगाचा ठेवा: ट्रॅकवर एक फेरी जोरात, एक फेरी चालत, असं सहा वेळा. बाकीचे दिवस संथच.

पायरी तिसरी: ओझं

सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवायला सांगते. पाठीवर १५ पौंडांनी सुरुवात करा आणि आठवड्याला पाचच पौंड वाढवा. सहा-सात आठवड्यांत ४५ वर पोहोचता. वजन म्हणून पाण्याचे गॅलनचे कॅन घ्या. एका गॅलनचं वजन साडेआठ पौंडांच्या किंचित खाली असतं, त्यामुळे हिशेब सोपा जातो. दुसरा फायदा मोठा आहे: माथ्यावर पोहोचल्यावर पाणी ओतून टाकता येतं आणि उतरताना गुडघ्यांवर भार येत नाही. पहिले काही आठवडे असंच करा. शेवटच्या महिन्यात मात्र ओझं घेऊन उतरायलाही शिका, कारण आगीवर कुणी पाणी ओतून देत नाही, आणि मांड्या खऱ्या दुखतात त्या उतारानेच.

फ्रीमाँटच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरांना मिशन पीक ठाऊक असतं. स्टॅनफर्ड ॲव्हेन्यूच्या बाजूने सुमारे तीन मैलांची चढण आहे, दोन हजार फुटांहून जास्त उंची चढता, आणि झाडाची सावली जवळजवळ नाही. पुण्याहून आलेल्यांना सांगायचं तर आतकरवाडीतून सिंहगड चढल्यासारखं, पण आणखी उघड्यावर. माझा सराव तिथेच झाला. फेब्रुवारीत गवत हिरवं असतं आणि चिखल बुटाला किलोकिलोने चिकटतो. एप्रिल संपता संपता तेच गवत पिवळं पडायला लागतं. ते पिवळं दिसलं की समजायचं, हंगाम दारात आला.

चढताना पावलं छोटी, टाच टेकलेली, हात मोकळे. वाकून गुडघ्यांवर हात टेकायची सवय लावू नका. क्रूमध्ये एका हातात अवजार असतं. म्हणून शेवटच्या चार आठवड्यांत हातात एक फावडं किंवा जाड काठी घेऊन चाला. ओझं घेऊन पळायचं मात्र अजिबात नाही. त्यातून मिळतं थोडं आणि गुडघे, घोटे जातात.

पॅक टेस्टची चाल वेगळी असते, तिचा सराव सपाट जागीच करावा लागतो. ४५ मिनिटं त्या वेगाने चाललं की नडगीच्या पुढच्या बाजूचा स्नायू पेटतो. पळणारे लोक इथे फसतात, कारण पळताना तो स्नायू असा राबत नाही. आठवड्यातून एकदा हलक्या वजनाने दोन मैल भरभर चाला. लांब ढांगा टाकण्यापेक्षा पावलांची संख्या वाढवा आणि कोपरं वाकवून हात झुलवा. पूर्ण ४५ पौंडांची रंगीत तालीम एकदा, फार तर दोनदा. परीक्षेआधी दोन दिवस काहीही करू नका.

पायरी चौथी: ताकद

आठवड्यातून दोन दिवस पुरतात. पुल-अप, पुश-अप, पायऱ्यांवर वजन घेऊन चढणं, लंजेस, डेडलिफ्ट, आणि दोन्ही हातांत जड वस्तू धरून चालणं. पुल-अप एकही येत नसेल तर खुर्चीवरून वर जाऊन हळूहळू खाली या. मला पहिली खरी पुल-अप यायला सात आठवडे लागले होते. छाती आणि दंड फुगवण्यात वेळ घालवू नका. दिवसभर कमरेतून वाकून खणताना पाठीचा खालचा भाग, ढुंगणाचे स्नायू आणि पकड यांचं काम असतं.

घरामागे जागा असेल तर शनिवारी अर्धा तास कुदळ चालवा. पंधरा मिनिटं उजवा हात पुढे, पंधरा मिनिटं डावा. पाठ सरळ ठेवून, गुडघे वाकवून, अवजाराच्या वजनालाच काम करू द्यायचं. गावाकडे शेतात खणणारी माणसं पाहिली असतील तर आठवा: ती कधी घाईत दिसत नाहीत आणि कधी थांबतही नाहीत. क्रूमधली जुनी माणसं अगदी तशीच खणतात.

पायरी पाचवी: ऊन, पाणी, खाणं

रेडिंगला जुलैत पारा सहज चाळिशी ओलांडतो. तरी अंगात साठणाऱ्या उष्णतेचा मोठा वाटा आगीतून येत नाही, राबणाऱ्या स्वतःच्या स्नायूंमधून येतो. लांब बाह्यांचा जाड शर्ट, पँट, हेल्मेट, हातमोजे यांमुळे ती बाहेर पडत नाही. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात आणि आठ-पंधरा दिवस एसीत बसलं की ती सुटायला लागते. म्हणून शेवटचे दोन आठवडे सराव दुपारी करा, आधी वेळ कमी ठेवून.

कामाच्या तासाला साधारण एक लिटर पाणी, थोडं थोडं करून. नुसतं पाणी ढोसत राहणंही धोक्याचं, रक्तातलं मीठ उतरतं. सोबत खारं काहीतरी खा. आगीवरच्या दिवसाला ४,००० ते ६,००० कॅलरी खर्च होतात. एवढं दोन जेवणांत पोटात मावत नाही, तासा-दीड तासाने खावं लागतं. सरावाच्या वेळीच ठरवा की चढावर आपल्याला काय पचतं. माझ्या खिशात शेंगदाणा-गुळाचे लाडू असायचे, थोडं जास्त मीठ घालून वळलेले. उन्हात वितळत नाहीत आणि एका हाताने खाता येतात.

लघवीचा रंग

यावर वेगळं लिहिते, कारण हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. माझ्या दुसऱ्या हंगामात, क्रू जमल्याच्या तिसऱ्या दिवशी, एक नवा मुलगा सकाळी बुटाची लेस बांधू शकत नव्हता. बोटांना काही झालं नव्हतं; दंड इतके सुजले होते की कोपर वाकत नव्हतं. हिवाळाभर त्याने फारसं काही केलं नव्हतं, आणि आता दोन दिवस सगळ्यांच्या बरोबरीने पुश-अप काढले होते. दुखतंय म्हणून सांगायची त्याला लाज वाटत होती. स्क्वॉड बॉसने त्याला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला, "लघवीचा रंग कसा आहे?" तो म्हणाला, कोऱ्या चहासारखा. तासाभरात तो दवाखान्यात होता. चार दिवस सलाइनवर राहिला, मूत्रपिंडं वाचली.

याला रॅब्डो म्हणतात. न झेपणाऱ्या श्रमांनी स्नायूंच्या पेशी फुटतात आणि त्यांतले घटक रक्तातून मूत्रपिंडांत जाऊन अडकतात. उन्हाने आणि पाणी कमी पडल्याने रॅब्डो बळावतो. वणव्याच्या क्रूंमधल्या नोंदवलेल्या कित्येक घटना आगीवरच्या नाहीत, हंगामाआधीच्या सरावातल्या आहेत. नेहमीपेक्षा वेगळीच दुखणी, सूज, हातपाय लुळे वाटणं, गडद लघवी, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि रॅब्डोची शंका आहे असं स्पष्ट सांगा. लघवी गडद नसली तरी रॅब्डो असू शकतो, रक्त तपासूनच कळतं. रात्रभर वाट पाहू नका. न सांगता रेटणारा माणूस क्रूला शूर वाटत नाही. त्याच्यावर नजर ठेवायला दुसरा एक माणूस लागतो.

क्रू जमल्यावर

पहिले दोन आठवडे, सुमारे ८० तास, प्रशिक्षणाचे. सकाळी तासभर व्यायाम, मग वर्ग, मग अवजारं, करवती, शेल्टर उघडण्याचा सराव, रेडिओ. एखाद्या दिवशी अचानक चढण. क्रूचा प्रमुख, ज्याला सगळे सूप म्हणतात, पुढे चालायला लागतो आणि किती वेळ चालायचं ते कुणी सांगत नाही. सोबत ओझं, अवजार, आणि पुढच्याच्या बुटांनी उडवलेली धूळ.

इथे एकच नियम पाळा: पुढच्या माणसाशी अंतर पडू द्यायचं नाही. एकदा दहा पावलांची फट पडली की ती भरायला पळावं लागतं, तुमच्या मागच्या सगळ्यांना पळावं लागतं, आणि रबरासारखी ओळ ताणत-आकसत जाते. फट पडतेय असं वाटलं तर आधीच, दम असताना, दोन पावलं जोरात टाका. खरोखर जमत नसेल तर मोठ्याने सांगा आणि मागच्याला पुढे जाऊ द्या. मागून-पुढून येणारा निरोप ऐकू आला की तो तसाच, शब्द न बदलता, पुढे द्या. हाही सरावाचाच भाग आहे: दम लागलेला असताना नीट ऐकणं आणि नीट बोलणं.

चढून झाल्यावर लगेच बसू नका. आधी पाणी, मग काहीतरी खाणं, मग अवजाराची धार पाहणं, आणि मग पाय. संध्याकाळी घरी, किंवा बराकीत, बूट काढून तळवे उजेडात बघा, मोजे उलटे करून वाळत घाला, दुसऱ्या दिवशीच्या पाण्याच्या बाटल्या रात्रीच भरून बुटांशेजारी ठेवा.